दीर्घिकासमूह, बसलेले डावीकडून

चंद्राचा फोटो कुणालाही जमतो. हे माझं मत नाही. आमच्या खगोल मंडळाच्या अध्यक्षांचं आहे, आणि म्हणूनच वार्षिक प्रदर्शनाची वाटणी करताना त्यांनी मला चंद्र दिला.

इंजिनिअरसाहेबांना तेजोमेघ मिळाला, बँकेतल्या गृहस्थांना शनीची कडी मिळाली. माझ्यापाशी आल्यावर अध्यक्षांनी आवाज मऊ केला. म्हाताऱ्या माणसांशी आणि मांजरांशी बोलण्यासाठी लोक जो आवाज राखून ठेवतात, तो.

"आजी, तुम्ही आपला चंद्र काढा. चांगला मोठा असतो. शोधावा लागत नाही."

मी उभा जन्म फोटो स्टुडिओत काढला आहे. काळ्या कापडात डोकं घालून शाळांचे, कचेऱ्यांचे, निरोपसमारंभांचे ग्रुप फोटो घेतले आहेत. त्या काळी माणूस फोटोला बसायचा म्हणजे बसायचा, श्वाससुद्धा विचारून घ्यायचा. आता फोटो निघाला हे माणसाला चार दिवसांनी दुसऱ्याकडून कळतं. सांगायचं काय, तर मी काही कॅमेरा उलटा धरणाऱ्यांतली नव्हे.

"मी दीर्घिकासमूह काढणार," मी म्हटलं.

दीर्घिका म्हणजे आपल्या आकाशगंगेसारख्याच, पण फार फार दूरच्या आकाशगंगा. त्याही एकट्यादुकट्या राहत नाहीत, घोळक्याने राहतात. त्या घोळक्याला दीर्घिकासमूह म्हणतात. अब्जावधी ताऱ्यांची एकेक दीर्घिका, पण इतक्या लांबून फोटोत कशी दिसते, तर काळ्या कोटावर राहिलेल्या कापसाच्या तुसासारखी. तीही नशीब असेल तर.

"वा, वा," अध्यक्ष म्हणाले, "उत्साह पाहिजे. आणि नाही जमलं तर अजिबात वाईट वाटून घेऊ नका. माझ्याकडे एक जुना चंद्र फ्रेम करून पडला आहे. तुमच्या नावाने तोच लावून टाकू."

दुसऱ्याचा चंद्र, माझ्या नावाने! शाळेत चित्र दुसऱ्याकडून काढून घेणारी मुलं असतात, पण त्यांनी निदान स्वतः जाऊन मागितलेलं असतं. मी घरी येईपर्यंत एका शब्दानेही बोलले नाही, आणि रिक्षात शेजारी बसलेल्या आमच्या ह्यांना ते फार आवडलं.

ह्यांची सगळी नोकरी विमा कंपनीत गेली. अपघात झालेल्या ठिकाणी जाऊन नुकसान मोजायचं हे त्यांचं काम. निवृत्तीनंतर ते अपघात होण्याआधीच मोजतात.

"गच्चीवर गेलीस तर दुर्बीण पडेल," हे म्हणाले. "किंवा तू पडशील. दोघी एकदम पडलात तर वेगळा प्रश्न."

दुर्बीण आमच्या मुलाची. कॉलेजात असताना त्याने हौसेने घेतली, आणि लग्नानंतर आमच्याकडे आणून ठेवली. मुलं आपल्या हौशी आईवडिलांच्या घरी आणून ठेवतात, ही जगाची रीतच आहे. तिला मोटारीवर फिरणारा स्टँड आहे. पृथ्वी फिरली तरी तो दुर्बीण त्याच ताऱ्यावर धरून ठेवतो. आमच्या घरात इतक्या चिकाटीने काम करणारं दुसरं कुणी नाही.

अडचण होती ती गच्चीची. आमच्या इमारतीला दोन अंगं आहेत. आमचं अंग तीन मजली, समोरचं पाच मजली. गच्ची आमच्या अंगावर, म्हणजे समोरच्या वरच्या दोन मजल्यांचा सगळा उजेड थेट तिच्यावर पडतो. शिवाय गच्चीवर पाण्याची टाकी, आणि टाकीवर हॅलोजनचा दिवा. या टाकीची देखरेख दुसऱ्या मजल्यावरच्या एका गृहस्थांनी स्वखुशीने अंगावर घेतली आहे. त्यांना सगळे टाकीवाले म्हणतात. त्यांची बायकोसुद्धा म्हणते. टाकीची पाहणी म्हणून त्यांच्याकडे गच्चीची जादा किल्ली असते. एका संध्याकाळी ते पाहणीला निघाले, तेव्हा मी दुर्बीण घेऊन त्यांच्यामागोमाग वर गेले.

"हा दिवा जरा वेळ बंद करता का?" मी विचारलं.

"काकू, हा दिवा बंद केला तर पाण्याची पातळी कशी कळणार?"

"आत्ताच तर पाहिलीत."

"तेव्हापासून बदलली असेल."

त्या उजेडात मी एक फोटो घेतला. आकाश पांढरंफटक आलं. घरी येऊन ह्यांना दाखवला. ह्यांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिला.

"चादर छान स्वच्छ आली आहे," ते म्हणाले.

मग मी समोरच्या अंगाच्या वरच्या दोन मजल्यांवर दारोदार गेले. एका संध्याकाळपुरते दिवे मालवा, एवढंच मागणं. मत मागायला येणाऱ्या उमेदवारालासुद्धा इतका विचार ऐकावा लागत नसेल. पहिल्या घरी म्हणाले, आम्ही लगेच बंद करू, आधी शेजारचे करू देत. शेजारचे म्हणाले, दिवे बंद दिसले की पाहुण्यांना वाटतं आम्ही घरात असून दार उघडत नाही. "आणि तसं असतंही कधीकधी, पण वाटायला नको." पाचव्या मजल्यावर डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई राहतात. त्यांनी माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि मला खुर्चीवर बसवून डोळ्यात बॅटरी मारली.

"काकू, हे पुसट ठिपके तुम्हाला कधीपासून दिसतात?"

"अजून दिसलेच नाहीत, तीच तर तक्रार आहे!"

"म्हणजे दिसावेत अशी इच्छा होते," असं म्हणून त्यांनी मला थेंब लिहून दिले.

राहिला राजमार्ग. सेक्रेटरी.

आमचे सेक्रेटरी सरकारी कचेरीतून निवृत्त झाले, पण कचेरी त्यांच्यातून निवृत्त झाली नाही. त्यांच्याकडे साखर मागायला गेलं तरी ते विषय विचारतात. मी रीतसर अर्ज केला: दीर्घिकासमूहाचे छायाचित्रण करण्यासाठी शनिवारी संध्याकाळी गच्ची मिळणेबाबत. त्यांनी तो दोनदा वाचला, मग उलटा करून मागची कोरी बाजूही वाचली.

"वहिनी, या दीर्घिका कोण?"

"कुणी नाही. आकाशातल्या आहेत."

"म्हणजे वरच्या मजल्यावरच्या?"

"त्याच्याही वरच्या. खूप लांबच्या."

"बाहेरच्या आहेत तर." त्यांनी पेनाचं टोपण लावलं. "बाहेरच्यांना गच्चीवर प्रवेश नाही. ठराव आहे तसा."

"अहो, त्या गच्चीवर येणारच नाहीत!"

"त्या येणार नाहीत, मग फोटो कुणाचा काढणार?"

मी शांतपणे सांगायचं ठरवलं. माझ्या चुका सुरू होतात त्या अशाच वेळी. "त्या अरुंधती केश नावाच्या भागात आहेत. तिथूनच त्यांचा फोटो निघतो."

"अरुंधती म्हणजे दीर्घिकेची बहीण का?"

शेवटी त्यांनी कमिटीची बैठक घेतली. सात जणांच्या कमिटीत बरीच चर्चा झाली म्हणे, आणि सर्वानुमते असं ठरलं की दीर्घिका नावाची कुणीही व्यक्ती सभासद नसल्याने तेवढा शब्द गाळून बाकी अर्ज मंजूर करावा. मला किल्ली मिळाली. मी खूश झाले. मराठीत एक शब्द गाळला तर काय होतं, हे मला कळायला हवं होतं.

त्यानंतरच्या दिवसांत इमारतीचा माझ्याशी वागण्याचा सूर पालटला. जिन्यात लोक थांबून बोलू लागले. टाकीवाल्यांच्या सौभाग्यवतींनी विचारलं, "काकू, शनिवारी काय नेसायचं?" मला वाटलं, बघायला यायचं म्हणत असतील. म्हटलं, "गडद काहीतरी. चमकणारं अजिबात नको. उजेड फेकतं." त्यांचा चेहरा उतरला, पण त्यांनी ते सगळीकडे पोचवलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, चष्मा चालेल का. मी म्हटलं, तुमचा चष्मा, तुम्हीच ठरवा. तळमजल्यावरच्या आजोबांनी विचारलं, माझी खुर्ची पुढे ठेवतील ना. मी म्हटलं, नक्की. म्हाताऱ्या माणसाला नाही म्हणू नये. मलाही कुणी म्हटलेलं आवडत नाही.

शनिवारी अंधार पडता पडता आम्ही वर निघालो. मी दुर्बिणीची नळी घेतली होती, ह्यांनी स्टँड आणि बॅटरी. प्रत्येक जिन्यावर हे थांबून, इथे कोण कसं पडू शकेल ते सांगत होते. वरच्या दारापाशी मला कुजबुज ऐकू आली. दार ढकललं.

सगळी इमारत गच्चीवर बसली होती. तीन रांगांत. पुढे खुर्च्या, मध्ये बाकं, मागे उभे. सगळे गडद कपड्यांत. एखाद्या फार मोठ्या माणसाच्या शोकसभेला आल्यासारखे, फक्त केस विंचरून, पावडर लावून. मधल्या खुर्चीत सेक्रेटरी. त्यांच्या मांडीवर ती सूचना होती, जी आठवडाभर खालच्या फलकावर लागलेली होती आणि जी मी सोडून सगळ्यांनी वाचली होती: शनिवारी सायंकाळी गच्चीवर समूहाचे छायाचित्र काढण्यात येईल, तरी सर्व सभासदांनी सहकुटुंब उपस्थित राहावे.

"या वहिनी," सेक्रेटरी म्हणाले. "तुमचीच वाट होती."

वरती आकाश स्वच्छ, चंद्र नाही, पुढच्या रविवारी प्रदर्शन, आणि मध्ये ही सगळी इमारत. अध्यक्षांचा चंद्र मला भिंतीवर दिसायला लागला, खाली माझ्या नावाची चिठ्ठी चिकटवलेला.

"अहो, गैरसमज झाला आहे," मी म्हटलं. "मी तुमचा फोटो काढायला आलेले नाही."

"बरोबर," डॉक्टरीणबाई इतरांना म्हणाल्या, "असं सांगतात म्हणजे चेहरे नैसर्गिक येतात."

"मी आकाशाचा फोटो काढणार आहे!"

"काकू पूर्वी स्टुडिओत होत्या," टाकीवाल्यांनी सगळ्यांना माहिती दिली. "त्यांना सगळ्या युक्त्या येतात."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे नुकसान मोजत होते. मग त्यांनी हळूच कोपराने मला खुणावलं आणि समोर पाहायला सांगितलं.

समोरचं अंग काळंकुट्ट होतं. चौथा मजला काळा, पाचवा काळा. आपले लोक एक वेळ मनातलं बोलणार नाहीत, पण घराबाहेर पडताना दिवा मालवल्याशिवाय राहणार नाहीत. ज्या अंधारासाठी मी जिने झिजवले, तो अंधार स्वतःच्या पायांनी चालत वर आला होता आणि तीन रांगांत बसला होता.

फक्त टाकीवरचा हॅलोजन जळत होता.

मी स्टुडिओतला आवाज काढला. कित्येक वर्षांनी काढला, पण गंज चढला नव्हता. "या दिव्याने चेहऱ्याच्या एकाच बाजूला उजेड येतोय. नाकाची सावली गालावर पडते."

"कुणाच्या?" टाकीवाले म्हणाले.

"तुमच्याच सगळ्यात जास्त."

हॅलोजन बंद झाला. पाण्याची पातळी त्या रात्री देवाच्या भरवशावर राहिली.

मी दुर्बीण उभी केली, तिला कॅमेरा जोडला. नळी आभाळाकडे, लोकांकडे तिची पाठ. कुणीतरी शंका काढली की कॅमेरा वर का. मी काही बोलण्याआधीच सेक्रेटरींनी खुलासा केला की हल्ली फोटो वरूनच निघतात. मी नंतर पुन्हा एकदा सांगितलं की दीर्घिका वर आहेत. सगळ्यांनी समजूतदारपणे मान हलवली. खरं बोलण्याचं माझं काम मी दोनदा केलं. तिसऱ्यांदा करायला वेळ नव्हता.

गच्चीवर नुसतं कुणी चाललं तरी दुर्बीण थरथरते आणि दीर्घिकेची रेघ होते. म्हणून म्हटलं, "मान सरळ. हनुवटी जरा खाली. आता कुणी हलायचं नाही. फोटो मोठा आहे, वेळ लागेल."

आणि सांगायला आनंद वाटतो की कुणी हललं नाही. जे लोक सर्वसाधारण सभेत कार्यवृत्त वाचून होईपर्यंत बसत नाहीत, ते बसले. कॅमेरा एकेक चित्र सावकाश घेत होता. एक पुरं झालं की टक् करायचा. टक् झालं की तिन्ही रांगा एकदम हसायच्या, आणि मग पुन्हा चेहरे सरळ करून पुढच्या टक्ची वाट पाहायच्या. मी आकाशाकडे बघत होते आणि माझ्या पाठीशी अंधारात दात चमकत होते.

"काकू, झालं का?"

"अजून एक."

"मघाशीही अजून एकच होता."

"मघाचा वेगळा."

बरीच चित्रं झाल्यावर तळमजल्यावरचे आजोबा घोरू लागले. घोरण्याने दुर्बीण हलत नाही, हा माझ्यापुरता नवा शोध होता. मग सेक्रेटरींच्या मनात आलं की अशा प्रसंगी चार शब्द बोलावेत. ते उठले, खुर्ची मागे सरकवली, आणि माझ्या डोळ्यांदेखत कॅमेऱ्याच्या पडद्यावर सगळ्या ताऱ्यांच्या शेपट्या झाल्या.

"खाली बसा!" मी ओरडले.

ते बसले. आमच्या इमारतीच्या इतिहासात त्यांना कुणी खाली बसा म्हटलेलं नव्हतं. मागच्या रांगेतून कुणीतरी अगदी हळू म्हणालं, "काकू, पुन्हा एकदा म्हणा ना."

मग पश्चिमेकडून ढग आले. मी म्हटलं, झालं. लोक उठले, कंबरा धरल्या, फोटो कधी मिळणार विचारत खाली गेले, आणि हां हां म्हणता समोरचे सगळे दिवे लागले.

ती सगळी चित्रं कॉम्प्युटरवर एकावर एक रचून त्यांचं एक चित्र करायला मला पुढचे काही दिवस लागले. मुलाने फोनवरून शिकवलं. दर वाक्याला "आई, तिथे नको दाबूस" म्हणत शिकवलं. शेवटी एका दुपारी पडद्यावर काळं आकाश आलं आणि त्यावर पुसट, लांबट, कापसाच्या तुसांसारखे डाग.

हे चहाचा कप घेऊन मागे उभे होते. त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि पडदा पुसला. डाग तसेच. मग तोंडाची वाफ देऊन पुन्हा पुसला.

"निघत नाहीत गं," ते म्हणाले. मग रुमाल खिशात ठेवायला विसरून तसाच हातात धरून उभे राहिले. "हा उजेड किती जुना म्हणालीस?"

"तीसेक कोटी वर्षं."

"आणि वाटेत काही अपघात नाही," हे म्हणाले. त्यांच्या तोंडून मी ऐकलेली ही सगळ्यात मोठी स्तुती.

रविवारी मी चित्र कागदात गुंडाळून प्रदर्शनाला नेलं. भिंतीवर अध्यक्षांचा चंद्र आधीच लागलेला होता. खाली माझं नाव. अक्षर सुंदर. आणि माझ्यामागून आमची इमारत आत शिरली, गडद कपड्यांत, आपला फोटो बघायला. येऊ नका म्हणून मी जिन्यातल्या प्रत्येकाला सांगितलं होतं. सांगितल्यामुळेच जे येणार नव्हते तेही आले.

मी कागद सोडला. माणसं पुढे सरसावली.

"यात मी कुठे आहे?" टाकीवाल्यांच्या सौभाग्यवती म्हणाल्या. "तरी मी म्हणत होते, गडद नको."

अध्यक्षांनी चष्मा कपाळावर चढवला. "आजी, प्रयत्न चांगला आहे," ते म्हणाले. तोच मऊ आवाज. "पण ही काचेवरची धूळ आहे. नवशिक्यांचं होतं असं. आपण चंद्रच राहू देऊ."

मी तोंड उघडलं, पण माझ्याआधी सेक्रेटरी पुढे झाले होते.

"धूळ? कुणाला म्हणता धूळ? हा समूह आहे. कमिटीने मंजूर केलेला."

"मी स्वतः दिवा बंद केला होता," टाकीवाले म्हणाले.

"माझी मान आखडली आहे अजून," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "धुळीसाठी आखडली का?"

क्षणापूर्वी आपण फोटोत नाही म्हणून जे लोक माझ्यावर चिडले होते, ते आता परक्या माणसाने आपल्या फोटोला नावं ठेवली म्हणून त्याच्यावर चिडले. इमारतीत राहण्याचे जे थोडे फायदे आहेत, त्यांतला हा एक. अध्यक्षांनी तीन रांगा पाहिल्या, दाराचं अंतर पाहिलं, आणि चंद्र खाली उतरवला. माझं चित्र वर गेलं, पण एका अटीवर: धूळ की दीर्घिका, ते संध्याकाळपर्यंत आकाशाच्या नकाशाशी ताडून पाहू.

सेक्रेटरी तेवढ्यात ठिपके मोजत होते. "सात," ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा उजळला. "कमिटीतही सातच जण आहेत." मग त्यांनी मंडळाच्या टेबलावरून एक कोरं कार्ड घेतलं आणि स्वहस्ते लिहून चित्राखाली लावलं: समूहाचे छायाचित्र. बसलेले, डावीकडून, सेक्रेटरी, खजिनदार, टाकीवाले, आणि असे पुढे एकामागून एक सातही जण. ते काढून टाकण्याची हिंमत अध्यक्षांना झाली नाही. मलाही झाली नाही.

दुपारभर लोक येत गेले. शनीपुढे थोडे थांबले, तेजोमेघापुढे जास्त. माझ्या चित्रापुढे सगळ्यांत जास्त, कारण कार्ड वाचून प्रत्येकाला माणसं शोधायची होती. संध्याकाळच्या सुमाराला एक बाई आल्या. हातात भाजीची पिशवी. कार्डावर एक बोट, काचेवर दुसरं बोट, असं करत त्यांनी सगळी रांग नीट लावली. मग माझ्याकडे वळल्या.

"अहो, नावं सात आहेत. इथे तर आठ जण दिसतात."

"सातच आहेत," मी म्हटलं. मी दिवसरात्र ते चित्र पाहिलेलं होतं.

"मग हे कोण?" त्यांनी चित्राच्या पार कडेला, वरच्या कोपऱ्यात नख टेकवलं.

मी चष्मा पुसला आणि जवळ गेले. फार पुसट होतं. तूसही म्हणवणार नाही, तुसाची आठवण म्हणा. पण होतं.

मी अध्यक्षांना हाक मारली. ते एका हातात भिंग आणि दुसऱ्या हातात नकाशा घेऊन आले. त्यांनी नकाशा भिंतीवर धरला, एकेक डाग ताडून पाहिला, पहिला, दुसरा, तिसरा, सातही, आणि मग कोपऱ्याशी येऊन थांबले. पुन्हा नकाशा पाहिला. पुन्हा चित्र.

"सर," मी अगदी मऊ आवाजात म्हटलं, "ही धूळ तुमच्या नकाशात आहे का?"

अध्यक्ष भिंग लावून आणखी खाली वाकले, आणि बराच वेळ सरळ झालेच नाहीत.